मुलांना हायकू शिकवताना मोजणी शेवटी ठेवा : तिसरी ते पाचवीसाठी टप्प्याटप्प्यानं

निसर्ग छान
झाडे वाचवा सारे
आनंदी राहू

शाळेत हायकूचा, म्हणजे तीन ओळींच्या छोट्या जपानी कवितेचा, तास झाला की निम्म्या वह्यांत असंच काहीतरी सापडतं. अक्षरं मोजून पाहा. पाच, सात, पाच. हिशेब चोख आहे. मुलाला शाबासकी मिळते, कागद भित्तिपत्रकावर लागतो, पण हायकू त्यात कुठंच नसतो. कोणतं झाड, कुणी पाहिलं, कधी पाहिलं, काही पत्ता नाही.

यात मुलाचा दोष नाही. आपण फळ्यावर आधी ५-७-५ लिहितो, "आता लिहा रे" म्हणतो आणि मूल रकाने भरायला लागतं. रकाने भरायचे म्हटल्यावर हाताशी जे सापडेल ते भरलं जातं, आणि मुलांच्या हाताशी असतात निबंधातली वाक्यं. हायकूत मोजणी हवी, पण तिची पाळी सगळ्यात शेवटी येते. खालचे टप्पे त्याच क्रमानं दिले आहेत. क्रम बदलू नका. वेळ कमी पडला तर एखादा टप्पा आखूड करा, पण मोजणीला पुढं आणू नका.

## सुरू करण्याआधी

वेळ. एका बैठकीत हायकू होत नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांचे चार-पाच तास ठेवा, आठवड्याला दोन. सगळं एकाच दिवशी उरकलं की मुलं चौथ्या टप्प्यावर थकतात, आणि तोच टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ऋतू. आपल्याकडे नागपुरात यासाठी दोन हंगाम चांगले. एक म्हणजे शाळा उघडल्यापासून पोळ्यापर्यंतचा पावसाळा, आणि दुसरा डिसेंबर-जानेवारीची थंडी. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असेल तर पहिलाच तास घ्या. नऊनंतर मुलांना मैदानात बसवू नका. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा घरातल्या खिडकीतून जे दिसेल तेच घ्यायचं, आणि तेही काही कमी नसतं.

साहित्य. गणिताची चौकटीची वही, पेन्सिल, आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या तीन-चार बोटं रुंद पट्ट्या. खोडरबर दप्तरातच राहू द्या. नको असलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारायची, म्हणजे काय काढलं ते दिसत राहतं. पुष्कळदा काढलेलाच शब्द नंतर परत घ्यावा लागतो.

नियम कोणता, ते तुमचं तुम्ही आधी ठरवा. मराठीत दोन वाटा आहेत. कवयित्री शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूत तीन ओळींपैकी दोन ओळींत यमक असतं आणि अक्षरांची सक्ती नसते. दुसरी वाट ५-७-५ अक्षरांची, बहुतेकदा यमकाशिवाय. लहान मुलांना दोन्ही अटी एकदम घातल्या की ती अटींशीच झुंजत बसतात. माझं मत विचाराल तर तिसरी-चौथीत ५-७-५ घ्या, यमक आपोआप आलं तर येऊ द्या. यमकाची ओढ मुलांना फार असते, आणि ती कुठं नेते ते पुढं दाखवतो.

ऋतूच्या खुणा. हायकूत ऋतू सांगणारा शब्द असावा अशी जपानी रीत आहे. ऋतूचं नाव घ्यायची गरज नसते, त्या ऋतूत दिसणारी वस्तू पुरते. पुस्तकातले हायकू वाचून काही मुलं बर्फ आणि चेरीची फुलं आणतात. वर्धा रोडवर चेरी कुठून येणार बाप्पा! म्हणून आपल्या गावच्या खुणांची यादी मुलांकडूनच काढून घ्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या :

- उन्हाळा : कूलर, कूलरचं गवत, माठ, रसवंती, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस), बहाव्याची पिवळी फुलं, गच्चीवरची वाळवणं
- पावसाळा : मृगाचा लाल किडा, गळका व्हरांडा, रेनकोटचा वास, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, बोजारा (त्या दिवशी मुलांना मिळणारा खाऊ-पैसा), मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं नेतात तो पुतळा)
- हिवाळा : संत्री, बोरं, शेकोटी, कानटोपी, धुक्यात गेलेला मेट्रोचा पूल, संक्रांतीची पतंग, तुटलेला मांजा
- फाल्गुनाच्या सुमाराला : पळस, निंबाची पानगळ, परीक्षेचं वेळापत्रक

शेवटचा शब्द हसण्यावारी नेऊ नका. मुलांच्या लेखी परीक्षा हाही ऋतूच आहे.

> तपासणी : यादीत "निसर्ग", "सृष्टी", "हिरवळ" असले शब्द आले असतील तर खोडा. जी वस्तू बोटानं दाखवता येत नाही ती यादीत नको.

## टप्पा १ : पाहणी

मुलांना शाळेच्या आवारात न्या. सहलीची गरज नाही. महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात नेलं तर सगळी मुलं वाघावर लिहितात, आणि चाळीस वाघ सारखेच निघतात. फुटाळा तलावावर नेलं तर लक्ष मक्याच्या कणसांकडं. आवारातला निंब, पाण्याची टाकी, सायकलींची रांग, शिपाईकाकांचा स्टूल एवढं रग्गड आहे.

पहिली पाच मिनिटं पेन्सिल हातात द्यायची नाही. बसायचं, बोलायचं नाही. मग पाच मिनिटं लिहायला द्या, आणि एवढंच विचारा :

- आत्ता काय दिसतंय, आणि नक्की कुठं?
- कोणता आवाज येतोय? तो थांबला का?
- कशाचा वास?
- हाताला, पायाला काय लागतंय?
- काय हललं?

"तुला काय वाटलं?" हा प्रश्न या टप्प्यात विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं आहे : "छान वाटलं." एकदा "छान" कागदावर आलं की ते काढता काढता नाकी नऊ येतात.

काही मुलं म्हणतील, "मला काहीच नाही दिसलं." अशा मुलाला मोठं काही शोधायला लावू नका. कंपासपेटी उघडायला सांगा. आत काय आहे, कशाला गंज चढलाय, कोणाची टोकं मोडलीत, झाकणावर काय कोरलंय. त्याची पाहणी तिथं होते.

> सावध : पाहणीच्या आधी विषय देऊ नका. "पाऊस" हा विषय दिला की मुलं पुस्तकातला पाऊस लिहितात, मोरासकट. द्यायचाच झाला तर अरुंद द्या : मधल्या सुट्टीतला नळ, चपलांची रांग, लाइन गेली तेव्हाचा वर्ग.

## टप्पा २ : तोंडी सांगणं

आता वर्गात या. प्रत्येकानं पाहिलेली एक गोष्ट एका वाक्यात सांगायची, आणि तुम्ही ती फळ्यावर जशीच्या तशी लिहायची. "जशीच्या तशी" म्हणजे खरोखर तशीच. मूल म्हणालं "पाणी येऊन राहिलं होतं", तर फळ्यावर तेच. "पाऊस पडत होता" असं सुधारून लिहिलं की मुलाला कळतं, इथं आपली बोली चालत नाही, आणि मग ते निबंधाच्या भाषेत शिरतं. तिथून त्याला परत आणणं कठीण.

एक नमुना पाहा :

पहिलं पाणी
पोट्टे सारे बाहेर
मॅडम आत

इथं "पोट्टे" काढून "मुले सारी बाहेर" केलं तरी अक्षरं सातच राहतात, पण गंमत जाते. प्रमाण भाषेचा तास वेगळा ठेवा. शुद्धलेखन मात्र सुधारायचं, कारण पुढं चौकटीत अक्षरं मोजायची आहेत.

वाक्य लांबलचक असू द्या. आत्ता काटायचं नाही.

> तपासणी : फळ्यावरचं वाक्य वाचून दुसऱ्या मुलाला चित्र काढता येईल का? येत नसेल तर सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : "कुठं होतं ते?"

## टप्पा ३ : दोन पट्ट्या

हा टप्पा सर्रास गाळला जातो, आणि तो गाळला की हायकूऐवजी एक वाक्य तीन तुकड्यांत कापून मिळतं. असं :

काल शाळेत
जाताना वाटेमध्ये
पाऊस आला

पाच, सात, पाच बरोबर आहे. पण ही बातमी झाली. सरळ वाक्य होतं, त्याला दोन ठिकाणी एंटर मारला.

हायकूत दोन गोष्टी शेजारी येतात आणि मधे थोडी फट राहते. वाचणारा ती फट आपल्या मनानं जोडतो. जपानीत ही फट दाखवायला खास शब्द वापरतात. आपल्याकडे ओळ संपल्यावरचा थांबा पुरतो, हवं तर एक छोटी रेघ मारा. मुलांना हे समजावून सांगू नका, करायला द्या.

कॅलेंडरच्या पट्ट्या वाटा. एका पट्टीवर एकच गोष्ट. लाइन गेल्याच्या दुपारचं एक वाक्य समजा फळ्यावर आलं आहे : "लाइन गेली तर कूलर बंद झाला, खूप गरम होऊन राहिलं होतं, खिडकीत पारवा बसला होता, त्याची चोच उघडी होती." यातून पट्ट्या निघतात : *लाइन गेली*, *कूलर बंद*, *खूप गरम*, *खिडकीत पारवा*, *चोच उघडी*. त्या बाकावर पसरायच्या आणि दोन-दोन शेजारी ठेवून पाहायच्या.

"लाइन गेली" आणि "कूलर बंद" : एकामुळं दुसरं झालं, फट नाही. "कूलर बंद" आणि "खूप गरम" : तेच. "कूलर बंद" आणि "खिडकीत पारवा" : इथं वर्ग जरा थांबतो. माणसाची तगमग आणि पाखराची तगमग शेजारी आली, आणि कुणी तसं म्हटलेलं नाही. ही जोडी घ्यायची.

जोड्या लावताना मुलं दोन टोकं गाठतात. एक, तीच गोष्ट दोनदा :

ऊन कडक
रस्ता तापला फार
पाय भाजले

तिन्ही ओळी एकच सांगतात, ऊन आहे. दुसरं टोक म्हणजे काहीही कशालाही जोडणं, रॉकेट आणि शेंगदाण्याची चटणी. मोठ्या कवींना लांबच्या जोड्या जमतात. मुलांसाठी सोपी अट घाला : दोन्ही गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी असल्या पाहिजेत.

> तपासणी : दोन पट्ट्यांच्या मधे "म्हणून" घालून वाचा. वाक्य सहज जुळलं तर जोडी फार जवळची आहे, दुसरी शोधा. "कूलर बंद, म्हणून खिडकीत पारवा" जुळत नाही. चांगली खूण आहे.

## टप्पा ४ : काटछाट

खरं काम इथं आहे. एक पूर्ण तास यालाच द्या. आधी फळ्यावर एक नमुना सगळ्यांनी मिळून काटा, मग वह्यांत.

हिवाळ्यात कोणत्याही वर्गात मिळेल असं वाक्य घेऊ : "मी मधल्या सुट्टीत डब्यातलं संत्रं सोललं तर पूर्ण वर्गात मस्त वास सुटला आणि पुढच्या बाकावरच्या पोट्ट्यानं लगेच मान वळवून पाहिलं."

पहिली रेघ मीवर. हायकूत "मी" यायला बंदी नाही, पण मुलांच्या वाक्यात तो सवयीनं येतो. काढून पाहा, काही अडलं का? नाही.

दुसरी रेघ शेरा मारणाऱ्या शब्दांवर : मस्त, छान, सुंदर, खूप, फार, लगेच. हे शब्द काही दाखवत नाहीत, दाखवल्याचा भास करतात. "मस्त" गेला.

तिसरी रेघ वाचणाऱ्याला आपसूक कळेल त्यावर. संत्रं सोललं म्हटल्यावर वास आलाच. मग "पूर्ण वर्गात वास सुटला" कशाला? इथं मुलं भांडतात. "पण मॅडम, वास तर मेन आहे!" त्यांचं म्हणणं बरोबर आहे, वासच मुख्य आहे, आणि म्हणूनच तो लिहायचा नाही. मान का वळली हे वाचणाऱ्याच्या नाकाला कळू द्या. वर्गाला पटत नसेल तर दोन्ही प्रकार मोठ्यानं वाचून दाखवा आणि मुलांनाच निवडू द्या. निवाडा तुम्ही देऊ नका.

चौथी रेघ मधल्या जोडशब्दांवर : तर, आणि, मग, त्यामुळे. फट बुजवायचं काम हे करतात.

उरलं काय? संत्रं सोललं. पुढचा बाक. मान वळली. मांडून पाहू :

सोललं संत्रं
पुढच्या बाकावर
वळली मान

इतकं काटल्यावर ५-७-५ जवळपास येऊन ठेपतं. फक्त क्रियापदं थोडी मागंपुढं करावी लागली. मोजणी शेवटी ठेवायची ती यासाठी.

काटताना आणखी दोन गोष्टींवर नजर ठेवा.

उपमा. भाषेच्या तासाला आपणच "चंद्रासारखा", "जणू मोत्यांचे सर" शिकवतो, त्यामुळं मुलं इथंही त्या आणतात. हायकूत वस्तू जशी आहे तशी राहू द्यायची. "ढग कापसासारखा" ऐवजी तो ढग पाण्याच्या टाकीमागं गेला का, ते विचारा.

उपदेश. शेवटच्या ओळीत "पाणी वाचवा", "झाडे लावा", "मोठे व्हा" आलं की ओळ खोडा, आणि तिच्या जागी पाहणीच्या पानावरची एखादी वस्तू घ्यायला सांगा. मुलाला वाईट वाटू शकतं, कारण उपदेशाच्या ओळीला आजवर गुणच मिळालेले असतात. "ही ओळ घोषवाक्यासाठी ठेव" म्हणा, चालतं.

> सावध : काटणारा हात मुलाचा हवा. तुम्ही फक्त बोट ठेवा आणि विचारा, "हा शब्द गेला तर काय जाईल?" काहीतरी जाईल असं मुलानं सांगितलं तर शब्द राहिला.

## टप्पा ५ : तीन ओळी

हा छोटा टप्पा आहे. एक गोष्ट एका ओळीत, दुसरी दोन ओळींत. फट पहिल्या ओळीनंतर ठेवा किंवा दुसरीनंतर. दोन्हीकडं फट आली की तीन सुटे तुकडे पडतात, किराण्याच्या यादीसारखे.

मग ओळी उलटसुलट करून पाहा. पट्ट्या असल्यामुळं हे सोपं जातं. कूलरचं उदाहरण असं बसलं :

कूलर बंद
खिडकीत पारवा
चोच उघडी

"चोच उघडी" वर नेऊन वाचा. चोच आधी दिसली तर पारवा गातोय असंही वाटू शकतं. शेवटी ठेवली की नजर आधी खोलीतून खिडकीकडं जाते आणि मग त्या चोचीवर थांबते. मुलांना "नजर कुठून कुठं गेली?" हे विचारलं की क्रम त्यांना बरोबर सापडतो.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा नाही. "खिडकी" एका ओळीत आणि "त" दुसऱ्या ओळीत, असं करणारे महाभाग निघतात.

## टप्पा ६ : आता मोजा

चौकटीची वही उघडा. पहिल्या ओळीला पाच चौकटी, दुसरीला सात, तिसरीला पाच. एका चौकटीत एक अक्षर.

- काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार वेगळे मोजायचे नाहीत. कूलर तीन, बंद दोन.
- जोडाक्षर एकच. संत्रं दोन, उन्हाळा तीन, रस्त्याच्या तीन.
- सुटा स्वर एक अक्षर. पाऊस तीन, आई दोन.
- इंग्रजीतून आलेले शब्द देवनागरीत लिहून तसेच मोजा. मेट्रो दोन, मोबाइल चार.

टाळ्या वाजवून मोजायची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. मराठीत ती दगा देते. "नागपूर" म्हणताना मूल दोन टाळ्या वाजवतं, नाग-पूर, आणि अक्षरं आहेत चार. "पाऊस"ला दोन टाळ्या, अक्षरं तीन. मग शेजारी बसलेल्या दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि तास भांडणात जातो. टाळ्या लयीसाठी ठेवा, मोजायला चौकटी.

अक्षरं कमी पडली तर मुलं भरताड घालतात : रे, गं, हो, बाई, छान छान. जास्त झाली तर विभक्ती कापतात आणि "खिडकी पारवा" असं तुटकं काहीतरी होतं. दोन्हीपेक्षा एखादं अक्षर कमीजास्त राहिलेलं बरं. जपानीत जे सतरा मोजतात ते आपलं अक्षरही नव्हे. तिथं लांब स्वराला दोन धरतात आणि शेवटचा नासिक्य उच्चार वेगळा मोजतात. तेव्हा आपल्या सहा अक्षरांनी आभाळ कोसळत नाही. उदाहरणार्थ :

मारबत गेली
रस्त्याच्या मधोमध
एक चप्पल

पहिली ओळ सहाची आहे. पाच करायची म्हणून "मारबत"चं "वरात" करून काही साधत नाही, आणि "गेली" काढलं तर मोकळा झालेला रस्ता जातो. राहू द्या सहा.

यमकाचंही इथंच पाहा. आलं तर असं येतं :

लाकडी नंदी
पावसात भिजला
रंग हाताला

आणि ओढून आणलं तर असं :

आभाळ निळं
झाडावर कावळा
खातो जांभळं

लिहिणाऱ्याला विचारा, "जांभळं होती का रे झाडावर?" प्रामाणिक मूल सांगतं, "नाही, ते निळंसाठी." त्याला पाहणीच्या पानावर परत पाठवा. कावळा खरोखर काय करत होता ते तिथं असतं.

> तपासणी : प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारा : हा चित्रासाठी आलाय की चौकटीसाठी? चौकटीसाठी आलेला काढा, चौकट रिकामी राहिली तरी चालेल.

## टप्पा ७ : वाचून दाखवणं

मुलानं हायकू दोनदा वाचायचा, सावकाश, फटीपाशी एक श्वास घेऊन. लिहिणाऱ्यानं अर्थ सांगायचा नाही. आधी ऐकणाऱ्यांनी सांगायचं, काय दिसलं ते. दोघांना वेगळं दिसलं तर उत्तम. कुणालाच काही दिसलं नाही, तर एखादी वस्तू कमी पडली आहे, चौथ्या टप्प्यात खोडलेला एक शब्द परत घ्या.

शीर्षक द्यायचं नाही. "संत्रं" असं शीर्षक दिलं की पहिली ओळ फुकट जाते. खाली नाव आणि महिना लिहा, म्हणजे वर्षभराचं हस्तलिखित करताना ऋतूनुसार लावता येतं.

## घरच्यांसाठी दोन शब्द

गॅदरिंग किंवा स्पर्धा जवळ आली की वहीत अचानक "क्षितिज", "चैतन्य", "मृदगंध" उगवतात. हे शब्द कुठून आले ते शिक्षकांना कळतं हो. मोबाइलवरून उतरवलेला हायकूही लपत नाही. "हे कुठं पाहिलंस?" एवढं विचारा. स्वतः पाहिलेलं मूल दहा गोष्टी जास्तीच्या सांगतं, पारवा कोणत्या गजावर होता इथपासून. उतरवलेलं मूल आईकडं बघतं.

तेव्हा आई-बाबा, आजी-आजोबा, तुम्ही शब्द पुरवू नका, प्रश्न पुरवा. "कोणत्या बाजूला होता?" "आवाज होता का?" "त्याच्या आधी काय झालं?" बास. आणि हायकूला गुण देण्याची वेळ शिक्षकांवर आलीच तर पाहणीच्या पानाला आणि काटताना मारलेल्या रेघांना द्या, अक्षरसंख्येला नको. मोजणीला गुण ठेवले की पुढच्या वेळी पुन्हा "निसर्ग छान" येईल.

## पहिली-दुसरीच्या मुलांसाठी

ही मुलं चांगली पाहतात, पण लिहिताना थकतात. त्यांच्याकडून पहिले तीन टप्पेच घ्या आणि तेही तोंडी. मूल बोलेल, तुम्ही पट्टीवर लिहा. तीन बोटं वर करायची, प्रत्येक बोटाला एक गोष्ट : कुठं, काय, आणि तिथंच आणखी काय. "अंगणात. मृगाचा किडा. आजीची चप्पल." एवढ्यावर थांबा, पट्ट्या दोरीवर चिमट्यानं लावा. अक्षरं मोजू नका, जोडाक्षरं नीट यायची असतात अजून. चौकटीची वही तिसरीत काढा.